धाव, हवा आणि कडी

बैलगाडीच्या चाकाभोवती बसवलेल्या लोखंडी पट्ट्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात आणि त्या धावेने जमिनीत उमटवलेल्या खोल रेघेला ‘चाकोरी’. पहिला शब्द आता जुन्या माणसांच्या तोंडी उरला आहे. दुसरा मात्र गाडीपासून सुटून माणसाच्या आयुष्याला चिकटला. चाकोरीबद्ध जगणे म्हणताना आपल्याला काळ्या रानातली ओली वाट आठवत नाही. या लेखाचा विषय त्या वाटेवर चालणारे चाक हा आहे. त्यातही चाकावर बाहेरचे कडे धरून कसे ठेवायचे, एवढाच एक प्रश्न. जालना जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास हा प्रश्न निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या तऱ्हेने सोडवला गेला. प्रत्येक वेळी तो सोडवणारा माणूस बदलला आणि प्रत्येक वेळी गाडीवरचे ओझे वाढले.

या प्रश्नाकडे मी वळलो तो आजच्या बाजूने. जुन्या जीप घेऊन डोंगरात आणि चिखलात गाडी चालवण्याचा छंद असलेल्या तरुणांच्या बोलण्यात ‘बीडलॉक’ हा शब्द वारंवार येतो. टायरची जी जाड कडा रिमला टेकलेली असते ती ‘बीड’. शेजारच्या बीड जिल्ह्याशी तिचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या पंक्चरवाल्यांनी हा इंग्रजी शब्द इतका आपलासा केला आहे की त्याचे परकेपण जाणवत नाही. ही कडा रिमवरून सुटू नये म्हणून तिला आतून जखडणारी कडी म्हणजे इंटर्नल बीडलॉक. छंदिष्टांना ही अगदी नव्या युगाची वस्तू वाटते. मला ती धावेची नातलग वाटली, आणि त्या नात्याचा मागोवा घेत मी मागे गेलो.

सगळ्यात मागचे चाक जालन्याच्या सीमेबाहेर, पण गोदावरीच्याच खोऱ्यात सापडते. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली चार ब्राँझ वस्तू मिळाल्या. त्यांत बैलजोडी जुंपलेला आणि सारथी उभा असलेला एक रथ आहे. त्याची चाके भरीव आहेत, आरे नसलेली. या वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून त्या वादात मी शिरत नाही. माझ्यापुरती गोष्ट एवढीच, की भरीव चाकाला धावेची गरज फारशी नसते. लाकडाची जाड चकती झिजते, फुटते आणि बदलली जाते. धावेचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो आऱ्यांच्या चाकाबरोबर. तुंबा, आरे आणि पुठे असे अनेक तुकडे जोडून केलेले चाक हलके असते, पण ते एकत्र बांधणारे काहीतरी बाहेरून लागते.

नंतरचा मुक्काम जालना जिल्ह्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ शिंदे आणि भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. ही लढाई बहुधा शौर्याच्या बाजूने सांगितली जाते. मी ती चाकांच्या बाजूने वाचतो. पावसाळा सरत आलेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबातली काळी जमीन, आणि तोफा ओढणारे बैल. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली तेव्हा वेलस्लीने तर्क केला की इथे उतार असलाच पाहिजे, नाहीतर लोकांनी अशी गावे वसवली नसती. तर्क खरा ठरला. रोज गाड्या हाकणाऱ्यांनी शोधलेली वाट परक्या सेनापतीच्या कामी आली, हे आपल्या इतिहासलेखनात क्वचितच कोणी नोंदवते. लढाईच्या माऱ्यात इंग्रजांचे तोफांचे बैल मोठ्या संख्येने मेले, तोफा जागच्या जागी राहिल्या आणि पायदळाला त्यांच्याशिवाय पुढे जावे लागले. दिवसाच्या शेवटी शिंद्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. त्या काळी युरोपीय पद्धतीच्या तोफगाड्यांच्या चाकांवर सलग धाव नसून लोखंडाचे छोटे वाकवलेले पट्टे एकापुढे एक खिळ्यांनी ठोकलेले असत. पट्टा तुटला तर रणातच बदलता येई, हा त्याचा फायदा. पण असे पट्टे चाकाला आवळत नाहीत, नुसते झाकतात.

आवळणारी, सलग धाव महाराष्ट्रातल्या सामान्य शेतकऱ्याच्या गाडीवर कधी आली? गावोगावी तारीख वेगळी असणार, पण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांमध्ये एक ठळक खूण मिळते. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी दख्खनच्या जमिनीची मोजणी करत होते. त्या वेळी इकडे दिसणाऱ्या मालवाहू गाड्या ओबडधोबड होत्या. चाके दगडाच्या किंवा अखंड लाकडाच्या चकत्यांची. अशी गाडी ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत, त्यामुळे धान्य आणि कापूस बहुतेक बैलांच्या पाठीवरूनच जाई. १८३६च्या सुमारास या दोघांनी लेफ्टनंट गेसफर्ड या तिसऱ्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला आणि हलक्या, आऱ्यांच्या चाकांची गाडी घडवली. (जालना जिल्ह्यातही जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचे मोठे गाव आहे. वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये.) महसूल रोखीत गोळा करायचा तर शेतमाल बाजारात पोहोचला पाहिजे, आणि तो पोहोचायचा तर चाक सुधारले पाहिजे, हे त्यामागचे सरळ गणित. कनवाळूपणाचा भाग त्यात किती होता याविषयी मला शंका आहे, पण गाडी चांगली होती हे मान्य करावे लागते.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सोलापुरातले चाक सरहद्द ओलांडून केव्हा आले याची तारीख कुठल्या दप्तरातून काढण्यापेक्षा ते आल्यावर इथे काय झाले ते पाहणे अधिक फायद्याचे आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या बाजारपेठेने रूढ केली, ती कापसाची आणि धान्याची पेठ गाड्यांवर उभी होती. १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली आणि जालना स्टेशनवर आले. रेल्वेने बैलगाडी संपवली असे आपण सहज म्हणतो. जालन्यासारख्या ठिकाणी उलटे घडले. लांबचा माल रुळावर गेला, पण प्रत्येक गावातून स्टेशनपर्यंतचा माल गाडीनेच यायचा, आणि जितका जास्त माल आगगाडीत तितक्या जास्त गाड्या स्टेशनच्या वाटेवर.

या गाडीच्या चाकाला धाव कशी बसवत ते मी अंबड तालुक्यातल्या एका वयस्क कारागिराकडून समजून घेतले. आता हे काम वर्षाकाठी एखादे मिळते. चाक सुताराचे, धाव लोहाराची, आणि दोघांच्या हातांची मापे जुळली तरच काम फत्ते. सुतार बाभळीच्या लाकडाचे पुठे आऱ्यांवर बसवतो, मात्र त्यांच्या सांध्यांत किंचित फट ठेवतो. लोहार दोरीने किंवा फिरत्या चकतीने चाकाचा घेर मोजतो आणि लोखंडी पट्टीचे कडे त्या घेरापेक्षा मुद्दाम लहान करतो, साधारण अर्ध्या ते एक इंचाने. मग जमिनीवर गोवऱ्यांचे गोल रिंगण रचून त्यात कडे तापवायचे.

लोखंड तापले की वाढते. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १५१ इंच होतो. तेवढ्या लांबीची पट्टी ६०० अंश सेल्सियसने तापवली तर ती साधारण एका इंचाने लांबते. लोहाराला अंश माहीत नसतात, त्याला रंग माहीत असतो. कडे लाल झाले की तीन-चार माणसे सांडश्यांनी ते उचलतात आणि आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकतात. लाकूड पेटते, धूर होतो, ठोके पडतात, आणि लगेच चारी बाजूंनी पाणी. कडे आक्रसते. सुताराने ठेवलेल्या फटी मिटतात, आरे तुंब्यात घट्ट बसतात, आणि त्या वेळी लाकडातून जो कडकड आवाज येतो त्यावरून चाक कसे झाले ते कळते. फट जास्त राहिली तर चाक सैल, कडे फार लहान झाले तर आरे वाकून चाक बशीसारखे होते. एकही खिळा न मारता, केवळ थंड होणाऱ्या लोखंडाच्या ओढीवर सगळे चाक उभे राहते. यंत्रशास्त्रात याला जे नाव असेल ते असो. मला विचाराल तर गावातल्या कारागिरीतला हा सर्वांत अवघड क्षण आहे, कारण तो दुरुस्त करता येत नाही.

धाव सुटायचीही. उन्हाळ्यात लाकूड सुकून आक्रसते आणि कडे ढिले पडते. मग गाडीवान चाक रात्रभर ओढ्याच्या किंवा डोहाच्या पाण्यात टाकून ठेवत, लाकूड फुगले की कडे पुन्हा पकडे. तेही जमेना तर पाचरी ठोकायच्या, आणि शेवटी लोहार. पेरणीच्या आधी लोहाराच्या दाराशी गर्दी व्हायची ती याच कारणाने. त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे, इतर बलुतेदारांसारखा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली गावाच्या व्यवस्थेवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याला ‘गावगाडा’ हे नाव द्यावेसे वाटले, यात आश्चर्य नाही. पण त्या रूपकात एक गोष्ट झाकली जाते. गाड्याचे कडे आवळणारा माणूस गाड्यात बसत नसे. खळ्यावर त्याचा वाटा ठरवणारे दुसरेच होते.

लोखंडी धावेचा दोष काळ्या मातीत उघडा पडतो. दोन-अडीच इंच रुंदीचे कडे ओल्या रानात सुरीसारखे रुतते. पुढच्या गाडीने केलेल्या रेघेतच मागच्या गाडीला जावे लागते, रेघ खोल होत जाते आणि एका पावसाळ्यात वाटेचा ओढा होतो. चाकोरी हा शब्द इथून आला. धाव चाकाला धरून ठेवी, पण जमिनीला धरत नसे.

त्यावरचा उपाय दूर कुठेतरी सायकलींसाठी निघाला. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली घेतले होते, पण ते विसरले गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी तीच कल्पना पुन्हा मांडली. गुरांच्या डॉक्टराच्या नावाने ओळखले जाणारे चाक पुढे आपल्याकडे बैलांच्या मागे लागले, हा योगायोग मला आवडतो. डनलॉपचा टायर सुरुवातीला कापडाने गुंडाळून रिमला चिकटवावा लागे, म्हणजे पंक्चर काढायचे तर सगळे फाडा. ‘धरून कसे ठेवायचे’ हा आपला जुना प्रश्न इथे पुन्हा आला. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणणारी तार घातली. ही तारेची कडा म्हणजेच बीड. ती रिमच्या काठापेक्षा लहान असते आणि आतली हवा तिला काठावर दाबून धरते. लोहाराने जे आगीने आणि पाण्याने साधले ते वेल्चने तार आणि हवा यांनी साधले. कडे लहान ठेवण्याची युक्ती दोघांची एकच.

बैलगाडीसाठी असे टायर भारतात विकले गेले, आणि महाराष्ट्रात ही गाडी ‘टायरगाडी’ किंवा ‘डनलॉप गाडी’ म्हणून ओळखली गेली. बैलाच्या मानेला हिसके कमी, ओल्या रानात रुतणे कमी, रस्त्याची चाळण कमी. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडीचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा देशात अशा जनावरांच्या गाड्या दीड कोटीच्या आसपास असल्याचा अंदाज होता. चंद्राकडे निघालेल्या शतकात एवढी ओझी बैल ओढत होते आणि त्या गाडीच्या रचनेकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नव्हते, हे त्यांचे म्हणणे तेव्हा थोडे विचित्र वाटले असेल. आज वाटत नाही.

आता ओझ्याकडे येतो. जनावरांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतला दोन चाकी गाडीचा तक्ता मला एखाद्या कादंबरीपेक्षा बोलका वाटतो. लहान बैलाला साध्या चाकाच्या गाडीत ५०० किलो, हवेच्या टायरच्या गाडीत ७५० किलो, बॉलबेअरिंग असतील तर १००० किलो. मध्यम बैलाला ७००, १०५० आणि १४००. मोठ्या बैलाला ९००, १३५० आणि १८००. दोन बैल असतील तर दुप्पट. बैल तोच, त्याचे वजन तेच, घाम तोच. बदलते ते चाक, आणि चाक बदलले की कायद्यानेच ओझे दीडपट आणि दुप्पट होते. ओढायला लागणारे बळ खरोखर कमी होते, म्हणून शास्त्र म्हणून तक्ता बरोबर आहे. पण सुधारणेतून वाचलेले बळ बैलाच्या वाट्याला येईल अशी तरतूद तिथे नाही. ते सगळे ओझ्याच्या वाट्याला जाते.

जालना जिल्ह्यात याचा अर्थ उसाच्या फडात कळतो. १९६५ साली पायाभरणी झालेले पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली लोकार्पण झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड आणि घनसावंगीच्या शिवारात आले आणि पाण्यामागे ऊस आला. दुसरीकडे याच जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांतून दरवर्षी दिवाळी झाली की हजारो कुटुंबे ऊस तोडायला बाहेर पडतात. त्यांच्या कामाच्या वाटण्या चाकावरून पडल्या आहेत. डोक्यावरून मोळी वाहून ट्रकमध्ये भरणारे ते ‘डोकी सेंटर’. स्वतःची गाडी आणि बैल असलेले ‘गाडी सेंटर’. आणि बैल स्वतःचे पण टायरची गाडी कारखान्याची, तिचे भाडे कापून घेतले जाणारे ते ‘टायर सेंटर’. लोखंडी धावेची गाडी शेतकऱ्याची स्वतःची असे, तिला धाव बसवायला गावातला लोहार पुरे. टायर, रिम, ट्यूब आणि बेअरिंग यांची गाडी गावात घडत नाही, म्हणून ती ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याची होते. चाक सुधारले आणि मालकी हलली. टायरगाडी वाईट असे मला म्हणायचे नाही, लोखंडी धावेच्या गाडीतून तोच ऊस ओढणे बैलाला अधिक जड गेले असते. पण अंधारात उसाच्या टायरगाड्यांची रांग पाहताना ओझे किती आहे हे बघायचे असेल तर चाकाकडे पाहून भागत नाही, बैलाच्या खांद्याकडे पाहावे लागते.

सुटलेल्या धावा कुठे गेल्या, हेही सांगितले पाहिजे. त्या भंगारात गेल्या. भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करणाऱ्या भट्ट्यांसाठी जालन्याची औद्योगिक वसाहत प्रसिद्ध आहे. गावातल्या कोपऱ्यात गंजलेले कडे आता सहसा दिसत नाही ते त्यामुळेच.

राहिली कडी. हवेने धरलेल्या टायरचा एक कच्चा दुवा आहे: हवा असेल तोवरच तो धरून राहतो. आणि चिखलात नेमकी हवाच कमी करावी लागते. हिशेब सोपा आहे. जीपच्या एका चाकावर ४०० किलो, म्हणजे सुमारे ८८० पौंड भार असेल आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला ३० पौंड दाब असेल, तर टायर जमिनीला अंदाजे २९ चौरस इंच टेकतो. हवा १५ पौंडांवर आणली की टेकण्याची जागा दुप्पट, ५८-५९ चौरस इंच होते. रुतणारे चाक तरंगू लागते. पण तेवढ्याच प्रमाणात बीडला रिमवर दाबणारा जोर निम्मा होतो, आणि दगडाला बाजूने घासताच टायर रिमवरून उतरतो. आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे निराळ्या रूपात ठाऊक आहे. मागच्या मोठ्या टायरात हवा कमी असली आणि नांगराला ओढ जास्त लागली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

सैन्याला हा प्रश्न गोळीच्या रूपाने भेटला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जीपला पुढे जी ‘काँबॅट’ चाके मिळाली त्यांचे रिम दोन भागांचे, नटबोल्टने जोडलेले, आणि टायरच्या दोन्ही कडांच्या मध्ये एक पोलादी कडे. रिमचे भाग आवळले की ते कडे दोन्ही बीडना बाहेर दाबून धरी, मग हवा असो वा नसो. असे चाक उघडण्याआधी हवा पूर्ण सोडली नाही तर रिम उडून माणूस मरू शकतो, हा इशारा जुन्या मेकॅनिकांना पाठ असे. युद्धानंतर ‘डिस्पोजल’मधल्या लष्करी गाड्या देशभर विकल्या गेल्या आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीस जीप जोडायला घेतली. खेड्यापाड्यांत जीप आली ती या दोन वाटांनी.

आजचे इंटर्नल बीडलॉक त्याच पोलादी कड्याचे सुटसुटीत रूप आहे. एका प्रकारात टायरच्या आत एक अरुंद, जाड कापडी आवरणाची दुसरी ट्यूब बसवतात. तिच्यात ४०-५० पौंड हवा भरली की ती दोन्ही बीडना रिमच्या काठावर आवळून धरते, आणि बाहेरच्या मोठ्या पोकळीतली हवा ८-१० पौंडांपर्यंत उतरवता येते. त्यासाठी रिमला व्हॉल्व्हचे दुसरे छिद्र पाडावे लागते, आतली ट्यूब मुरडू न देता बसवावी लागते, आणि डांबरी रस्त्यावर परतताना बाहेरची हवा आठवणीने पूर्ववत करावी लागते, नाहीतर टायर तापतो. बाहेरून नटबोल्टचे कडे दिसणाऱ्या प्रकारापेक्षा हे चाक साधे दिसते. आत काय आहे ते बसवणाऱ्यालाच माहीत.

हे काम मी जालना शहराजवळच्या महामार्गावरच्या एका दुकानात होताना पाहिले. बसवणारा पंचविशीतला मुलगा. त्याचे आजोबा धावा बसवत, असे त्याने बोलता बोलता सांगितले, पण त्याला त्यांचे काम पाहायला मिळाले नाही. त्याने आतली ट्यूब भरली, हातोडीने टायरच्या काठावर चार ठिकाणी ठोके दिले आणि प्रत्येक ठोक्यानंतर कान लावला. कशासाठी, असे मी विचारले. बीड बसली की आवाज बदलतो, एवढेच तो म्हणाला आणि पुढच्या चाकाकडे वळला.